टीव्हीपुढचं ताट

६ जानेवारी, सोमवार. शिरूर

चित्र हवेतून येतं म्हणता, मग ते शेजारच्या टीव्हीला सापडतं आणि आमच्याच टीव्हीला का सापडत नाही? हा प्रश्न आज घरमालकीण पुतळाबाईंनी मला विचारला, आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालेली मी उत्तर देऊ शकले नाही. म्हणजे सांगितलं मी. पूर्वीचं प्रक्षेपण बंद झालं, आता सगळं डिजिटल येतं, जुन्या संचाला ते ओळखता येत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की ते झालं, पण आमचाच का? मी हसले, त्याही हसल्या.

तर अशी सुरुवात झाली. सकाळी दौंडहून निघाले. बाबा ड्युटीवर होते, पण भाऊ सम्राट बॅग घेऊन स्टँडपर्यंत आला आणि एसटी हलेपर्यंत माझी नक्कल करत राहिला, 'हॅलो मुलींनो, मी राजश्री मॅडम.' चौफुल्यावरून न्हावऱ्याचा रस्ता धरला की दोन्हीकडे ऊस. खिडकीशी बसून मी मनात पहिल्या तासाचं भाषण करत होते. खेड्यातल्या मुलींना वायरिंग आणि दुरुस्ती शिकवणारं केंद्र आहे हे. मुली स्क्रू ड्रायव्हर धरतील, सोल्डरिंग करतील, मिक्सर उघडतील. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. मला वाटतं, त्या पदवीचा असाच उपयोग व्हायला हवा.

खोलीही आपण होऊन चालत आली. केंद्राच्या बाईंनी सांगितलं होतं की पोपटराव म्हणून एक बागायतदार स्वतः येऊन विचारून गेले, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मॅडमना खोली हवी असेल तर आमच्याकडे आहे. शिरूरच्या बाहेर शेतातच बंगला आहे, नवा, पांढरा, पुढे ट्रॅक्टर. घरात तिघंच. पोपटराव, त्यांची आई पुतळाबाई आणि बायको सुलक्षणा. सुलक्षणा माझ्याच वयाची आहे, तिला दिवस गेलेत. पोपटरावांचे वडील हौसराव, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दिवाळीनंतर वारले. माझी खोली मधल्या खोलीला लागून. तिथेच आप्पांची खाट आणि त्यांचा तो टीव्ही. मागे मोठं पोट असलेला जुना डबा.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. पुतळाबाईंनी तो निरखून पाहिला. संध्याकाळी त्या स्वतः ताट घेऊन आल्या, वर दुसरं ताट झाकून. भाड्यात जेवण धरलेलंच आहे, खानावळ शोधायची नाही म्हणाल्या. परक्या मुलीसाठी इतकं कोण करतं? जेवणाला मीठ नव्हतं, म्हाताऱ्या माणसाच्या घरात असतं तसं. पण भात किती मऊ.

१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस टीव्हीचा.

पुढच्या खोलीत भिंतीएवढा सपाट टीव्ही असताना या डब्यासाठी एवढा आटापिटा का, ते मला कळत नव्हतं. विचारलं तर पोपटराव म्हणाले की आप्पांचा आहे, आप्पांची इच्छा होती. मला ते आवडलं. लोक जुनी माणसंसुद्धा टाकून देतात, इथे हे जुन्या टीव्हीला जपतात.

हौसरावांची गोष्ट वाईटच आहे. छतावरच्या काठीच्या अँटिनावर ते आयुष्यभर दूरदर्शन बघत आले. ते बंद झालं तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुढच्या खोलीत या म्हटलं तर येत नसत. शेवटची दोन-अडीच वर्षं मुंग्यांपुढेच बसून काढली म्हणे.

अडचण अशी होती की संचाला मागे फक्त अँटिनाचं भोक. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावायलाही जागा नाही. म्हणून दुकानदारांनी पोपटरावांना नवा घ्या म्हणून वाटेला लावलं. मी बाजारात फिरून एक जुना मॉड्युलेटर मिळवला. लहानशी डबी असते, सेट टॉप बॉक्समधलं चित्र घेऊन जुन्या टीव्हीला समजेल अशा रूपात अँटिनाच्या भोकातून आत सोडते. छतावर फुकट चॅनलची छत्री बसवली. मी छत्री फिरवत होते, पोपटराव जिन्यात, सुलक्षणा खाली पडद्यापुढे. ती ओरडायची, आलं, आलं, गेलं बघा. पोपटराव तेच मला वर ओरडून सांगायचे. शेवटी सुलक्षणा म्हणाली, 'मॅडम, तुमचा सिग्नल येतोय, मधल्या माणसाचाच येत न्हाई.' पोपटरावसुद्धा हसले.

मग टीव्हीवर चॅनल फिरवत बसले आणि एकदम मुंग्यांतून चित्र वर आलं. कुणीतरी माणूस डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलत होता. रंग थोडे फाटलेले, पण स्वच्छ आवाज. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण पुतळाबाईंनी टीव्हीकडे बघून डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि भिंतीला टेकल्या. सुलक्षणा तर खोलीतून निघूनच गेली.

डाळिंबवाल्यापुढे कसला पदर? गंमत वाटली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. केंद्रातल्या मुलींनी तिळगूळ दिला. हळूहळू हात बसतोय त्यांचा.

एक पाहिलं. संध्याकाळी टीव्ही लावतात आणि त्याच्यापुढे स्टुलावर एक वाढलेलं ताट ठेवतात. आप्पांचं. वर्ष होईपर्यंत असं करत असतील. मला असल्या गोष्टी पटत नाहीत, पण कुणाच्या दुःखात आपण कशाला बोलावं.

आज पिठल्यात तंबाखूची काडी आली. पुतळाबाई मिश्री लावतात, त्यांच्या हातची असेल. बाजूला काढून जेवले.

१९ जानेवारी, रविवार

टीव्हीच्या काचेवर तपकिरी शिंतोडे. कुणीतरी समोरून पिचकारी मारावी तसे. घरात तंबाखू कुणी खात नाही. पुतळाबाईंची मिश्री तर मागच्या दारी. फडकं ओलं करून पुसले. वास इतका घाण आला की नाकाला ओढणी लावली. चुना, तंबाखू आणि त्याच्याखाली काहीतरी कुजलेलं. किडक्या दाताला कापूस लावून तो काढला की येतो तसा.

जेवणाचंही बोलायला हवं. भाकरीची कड ओली असते. आज वरणात एक पांढरा, आखूड, राठ केस होता. दाढीचा असतो तसा. मी पुतळाबाईंना हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, मांजर तोंड घालतं बाई.

या घरात मी मांजर पाहिलेलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

मुलींना मी आज सर्किट समजावत होते. मागच्या बाकावरच्या पोरी खुसखुसायला लागल्या. विचारलं तर एक म्हणाली, मॅडम, तुम्ही तंबाखू मळताय. खाली पाहिलं. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा घासत होता. हात रिकामा होता. मी हसून घालवलं, पण अंगठा थांबवायला मला दुसऱ्या हातानं तो धरावा लागला.

डाव्या गालाच्या आत चट्टा आलाय. जीभ लागली की चरचरतं. म्हणून उजव्या बाजूनं चावायला हवं, पण घास आपोआप डावीकडेच जातो.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला मुलींनी एक दिव्यांची माळ लावली होती, सगळी जोडणी त्यांचीच. मला भरून आलं. आजचं एवढंच चांगलं.

डॉक्टरांकडे गेले. तोंड आलंय म्हणाले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तंबाखू खाता का विचारलं. मला राग आला. मग त्यांनी आरसा धरला आणि माझ्या दातांच्या कडा मला दाखवल्या. तपकिरी.

संध्याकाळी ताट आलं. भाताचा ढीग एका बाजूनं दाबलेला, त्यावर चार बोटांची खूण. मी निम्मं ठेवलं. पुतळाबाई दारातच उभ्या राहिल्या. ताट संपव बाई, या घरात टाकत नाहीत. संपवेपर्यंत हलल्या नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार. दौंड

घरी आले. आईनं बोंबील केले, माझे आवडते. कशालाच चव नाही. मी म्हटलं, आई, मीठ घालायचं विसरलीस. तिनं चाखून पाहिलं, सम्राटनं चाखून पाहिलं. बाबा म्हणाले, उलट खारट झालंय की.

मग एक झालं. मी जेवत होते, बोलत होते. सम्राटनं ताट सरकवलं आणि उठला. आई माझ्याकडे बघत होती. मी ताटात पाहिलं. चावलेला घास मी तोंडातून काढून परत ताटात ठेवला होता. एक नाही. ताटाच्या कडेनं ओळीनं ठेवले होते.

आईनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आता मला कळलंय. सगळं लिहिणार.

सुलक्षणा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला सरळ विचारलं, आप्पा कशानं गेले? ती बराच वेळ एकाच साडीच्या सुरकुत्या काढत राहिली. मग म्हणाली, तोंडाच्या रोगानं. डाव्या गालाला भोकच पडलं होतं. गिळता येत नसे. घास चघळायचे आणि परत ताटात ठेवायचे. आणि त्यांच्या घरची जुनी रीत, मालकाचं ताट बायकोनं खायचं, पुतळाबाई आयुष्यभर खात आल्या. पण ते घास त्यांनाही जाईनात. मग सुनेला सांगितलं. सुलक्षणानं नकार दिला. तिला उलटी झाली, आप्पांच्या तोंडावरच. तेव्हापासून म्हातारा एकच म्हणत बसायचा, माझा टीव्ही गेला आन् माझं ताट कुत्र्याला गेलं.

दशक्रियेला घोडनदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मेलेल्याचं काही मागं राहिलं असलं की शिवत नाही म्हणतात, मग घरचे पिंडापुढे उभे राहून कबुली देतात. आईला सांभाळू म्हटलं, शेत विकणार नाही म्हटलं. कावळे झाडावर बसून बघत राहिले. ऊन चढलं, पाहुणे कंटाळले. शेवटी पोपटराव बोलून गेले. 'आप्पा, तुमचा टीव्ही चालू करीन. टीव्हीम्होरं तुमचं ताट वाढीन, आन् ते ताट या घरात खाल्लं जाईल.' शब्द संपायच्या आत कावळा उतरला.

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. स्टुलावरचं ताट कुठे जातं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

टीव्ही बंद होता तोवर ताट नुसतं ताटच होतं, ती म्हणाली. अन्न आळणी लागायचं, एवढंच. टीव्ही लागल्यापासून ते जेवतात.

भात मऊ. मी लिहिलंय पहिल्या दिवशी, भात किती मऊ. नंतर तर चावावाच लागत नव्हता.

मी गोठ्याच्या मागे जाऊन तोंडात बोटं घातली. कितीतरी वेळ. पाणीसुद्धा उरलं नाही पोटात, तरी ते तिथेच आहे असं वाटतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पोपटरावांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. खुर्ची दिली, मॅडम म्हणाले, चहा मागवला. म्हणाले की घरात खाल्लं जाईल एवढंच बोललो होतो, कुणी खायचं ते नाही बोललो. तुम्ही घरातच राहता. आईला साखर आहे, बायकोला दिवस गेलेत. माझंच म्हणाल तर मी कर्ता माणूस.

मी विचारलं, मीच का? मला वाटलं टीव्हीचं म्हणतील. तेही होतंच, एका माणसात दोन्ही कामं. पण ते म्हणाले,

'तुमच्यात चालायचं की पूर्वी. तुम्हाला त्याची एवढी काय शिसारी?'

चहा तसाच ठेवून उठले.

माझी आजी, ताईबाई. गावात उरलंसुरलं मागायला जायची टोपली तिनं आणि तिच्या जावांनी एका दिवशी चुलीत घातली. उपाशी राहू पण उष्टं खाणार नाही. ती जेवायला बसली की आम्हाला हेच सांगायची. तिनं ते सोडलं म्हणून मी शिकले. आणि शिकून मी इथे येऊन, स्वतःच्या हातानं तार जोडून—

मला माझ्या तोंडाची किळस येते. हे तोंड मी कुठे ठेवू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

बॅग भरली होती. सुलक्षणा दारात आली. जा म्हणाली, खरंच जा. पण तिचा हात पोटावर होता. मी गेले की ताट तिच्याकडे जाणार, हे दोघींना ठाऊक. पोलिसांत काय सांगू? उष्टं खायला घातलं म्हणून? मेलेल्या माणसाचं?

तार काढली. संध्याकाळी पोपटरावांनी परत जोडली. मीच शिकवलं होतं त्यांना.

बॅग उघडली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झाकलेली दोन ताटं मधल्या खोलीच्या फडताळावर असतात. एक स्टुलावरून उचललेलं, माझ्यासाठी. दुसरं पोपटरावांचं. सारखीच ताटं, सारखीच झाकणं. पुतळाबाई पाण्याला आत गेल्या आणि मी ती बदलली.

शब्द ज्यानं दिला, ताट त्यानंच खावं.

माझ्या ताटात मीठ होतं. मी रडले. जिभेला चव नव्हतीच, पण मिठानं गालाचा चट्टा चिरल्यासारखा झोंबला, तरी बोटं चाटून खाल्लं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजही बदललं. पोपटराव सपाट टीव्हीपुढे जेवतात, ताटाकडे बघत नाहीत. आळणी झालंय म्हणून सुलक्षणाला बोलले, चार घास खाऊन उठले. मला बरं वाटलं. मी दारातून बघत होते.

मग सुलक्षणा आली. पाट सरकवून घेतला. आणि नवऱ्याच्या ताटात जेवायला बसली.

मला ठाऊक होतं. या घराची रीत आहे, बायको मालकाचं ताट खाते. तिनंच मला सांगितलं होतं. मी लिहिलंय इथे. माझ्या डोक्यात कसं नाही आलं—

मी धावले, ताट उडवलं. भात भिंतीवर. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचं तोंड भरलेलं होतं. मग तिला कळलं. माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं तिला. गिळावं की थुंकावं—

ती हळू म्हणाली, 'ताई, पर्वापासनं?'

मी हो म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ती चहाबरोबर चपाती खात होती. चावलेला घास काढून बशीच्या कडेला ठेवला. दुसरा त्याच्याशेजारी. ओळीनं.

डाव्या बाजूनं चावते.

तिचा भाऊ ज्योतिबा कोरेगाव भीमाला असतो, त्याला फोन केला. तब्येत बरी नाही, माहेरी घेऊन जा. दुपारी मोटरसायकल घेऊन आला. पोपटराव आडवे आले नाहीत. तोंड चुकवत होते. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. बोलायला तोंड उघडायला नको असेल.

पण नुसतं जाऊन सुटत नाही. मी दौंडला गेले होते की. तिथेही माझं ताट—

तिच्या पोटात बाळ आहे. ते काय खातंय?

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ

काल संध्याकाळचं ताट मी कुणालाच दिलं नाही. झाकून ठेवलं. उजाडल्यावर छतावर नेलं, छत्रीच्या पायाशी ठेवलं. कावळ्यानं बांधलं, कावळ्यानंच सोडवावं. मी हे लिहितेय. मी, बीएस्सी.

कावळे आले. शेजारच्या टाकीवर बसले. शिवेनात. ताटातला भात उन्हात चकाकत होता, ओला, कडेनं घासांची ओळ. माश्यासुद्धा बसत नव्हत्या. पोपटराव जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी म्हटलं, आप्पा, टीव्ही चालू राहील. छत्री मी सांभाळीन. हलले नाहीत.

म्हटलं, सुनेनं चुकी केली, ती लहान होती. हलले नाहीत.

म्हटलं, सोडा तिला. तिचं बाळ तुमचंच आहे. एक कावळा उडून लांब गेला.

मग मला चीड आली. इतकी घाण, इतकी शिसारी, आणि हात जोडून मी उभी. मी हात सोडले. आजी बोलायची तशी बोलले.

'आप्पा, तुमचं ताट तुमचा लेकच खाईल. रोज, माझ्या डोळ्यांम्होरं. न्हाई गिळलं तर माझ्या हातानं भरवीन.'

कावळा ताटावर उतरला, पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला.

पोपटराव जिन्यात खाली बसले.

संध्याकाळ

त्यांना सांगावं लागलं नाही. हातपाय धुऊन आले, टीव्हीपुढे मांडी घातली. त्यांनी कावळा पाहिला होता. लहान मुलगा शाळेत बसतो तसे बसले. टीव्हीवर कीर्तन. पुतळाबाई पदर ओढून भिंतीशी. मी समोर.

पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसरा त्यांनी चावला, चावला, आणि काढून कडेला ठेवला. चौथाही. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, 'मॅडम, बास.'

मी 'रोज' म्हटलं होतं. 'भरवीन' म्हटलं होतं.

तो घास मी उचलला. कोमट. त्यांच्या तोंडात घातला. हनुवटी वर धरली. गिळल्याचं हाताला लागलं. मग दुसरा. ताट स्वच्छ झालं.

कोरेगावहून फोन आला. सुलक्षणा जेवली. भाजी खारट झालीय म्हणाली. फोनमध्ये हसली.

माझ्याही तोंडाला चव आलीय. चट्टा नाही. आरशात दात पांढरे.

पण बोलताना मी स्वतःलाही शब्दात बांधून घेतलं. माझे डोळे, माझा हात. मी गेले तर—

आईला मघाशीच कळवलं. केंद्राचं काम वाढलंय, मी आता इकडेच राहणार, रविवारीही येणं नाही. सम्राटला म्हटलं, माझी पुस्तकं पाठवून दे. का ते विचारू नकोस.

बोटं धुतली. राखेनं घासली. परत धुतली. नखांत काहीतरी मऊ अजून—